रेड बिनमधले ४०० पीस आणि गेटवरचा टेम्पो: लॉट केवढा काढायचा याचं गणित

बुधवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. गेटवर टेम्पो उभा, ड्रायव्हर दोनदा आत डोकावून गेलेला, आणि माझ्यासमोर ७,६०० चांगले पीस तेल लावून, क्रेटमध्ये भरून तयार, पण त्यातला एकही पाठवता येत नव्हता. कारण त्याच लॉटचे, म्हणजे एका दमात काढलेल्या मालातले, ४०० पीस कोपऱ्यात रेड बिनमध्ये, नापास पिसांच्या लाल डब्यात, रिवर्कला म्हणजे परत दुरुस्त करायला पडलेले, आणि कस्टमरला इन्स्पेक्शन रिपोर्ट अख्ख्या लॉटचा एकच लागतो. रिवर्क करायचं तर मशीनवर तोपर्यंत दुसऱ्या जॉबची सेटिंग बसलेली, म्हणजे मशीन दुसऱ्या कामासाठी जुळवलेलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे भोसरीत सुट्टी. आणि तिकडे चाकणला कस्टमरच्या लाईनवर या पिसांचा, म्हणजे आमच्या पिनचा, फक्त एक दिवसाचा स्टॉक उरलेला.

मी एका छोट्या सीएनसी टर्निंग शॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर पार्ट कातून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये, प्लॅनिंग बघते. त्या दिवशी घरी जाताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की माल कमी पडला म्हणून हे झालं नाही, माल तर ढीगभर होता. लॉट केवढा काढायचा हे आम्ही एका हिशोबाने ठरवलं होतं, रिवर्क कधी करायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं, आणि टेम्पो कधी जाणार ते कस्टमरच्या शेड्यूलवर, म्हणजे तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी ठरत होत्या आणि तिघींची गाठ एका बुधवारी गेटवर पडली. या तिन्हींचं गणित एकत्र मांडायची पद्धत आहे, पुस्तकात ती भयंकर दिसते पण आतली गोष्ट अगदी घरातली आहे, म्हणून लिहितेय.

लॉट म्हणजे घाणा. दिवाळीला पाच चकल्यांसाठी कुणी कढई चढवत नाही, कारण तेल तापवायचं, सोऱ्या काढायचा, पीठ मळायचं, एवढा खटाटोप पाच चकल्यांना केला काय आणि शंभरला केला काय, तेवढाच. पण म्हणून सहा महिन्यांच्या चकल्या एकदम तळून ठेवत नाही, डबे कुठून आणणार आणि मऊ पडतील त्याचं काय. शॉपमध्ये खटाटोपाला सेटिंग म्हणतात आणि डब्यांना इन्व्हेंटरी, बाकी प्रश्न तोच.

आमचाच पार्ट घेऊ, आकडे सोपे करून सांगते म्हणजे पाढ्यासारखे लक्षात राहतील. समजा कस्टमरला रोज २०० पिना लागतात, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६०,०००. आमचं मशीन दोन शिफ्टमध्ये दिवसाला ८०० काढतं. एका सेटिंगला तीन तास जातात, मशीनचा तासाचा रेट ५०० धरला तर १,५०० रुपये, सेटर आणि इन्स्पेक्शनचे ५००, आणि साईझ जमेपर्यंत सुरुवातीचे चार पीस जातात त्यांचे ४००, एकूण २,४०० रुपये. पिनची किंमत १०० रुपये आणि एक पिन वर्षभर पडून राहिली तर २० रुपये खर्च. हे २० रुपये कागदावर कुठे दिसत नाहीत म्हणून लोक ते शून्य धरतात, पण बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज आहे, क्रेटने अडलेली जागा आहे, पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून परत परत लावायचं तेल आहे, आणि ड्रॉइंगची रिव्हिजन आली की अख्खा ढीग भंगारात जायची भीती आहे.

आता बघा. १,००० चा लॉट काढला तर वर्षात ६० सेटिंग, म्हणजे १,४४,००० रुपये नुसते सेटिंगचे. ४,००० चा काढला तर १५ सेटिंग, ३६,०००. ८,००० चा काढला तर साडेसात सेटिंग, १८,०००. म्हणून आमचे सेटर काका नेहमी म्हणायचे, "ताई, सेटिंग बसलीये तर काढून घेऊ ना आठ हजार, परत कोण खोलणार?" आणि सेटिंगपुरतं बघितलं तर काका अगदी बरोबर होते.

पण दुसऱ्या बाजूला डबे भरत जातात. या दोन खर्चांचा तोल कुठे साधतो हे फोर्ड व्हिटमन हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९१३ मध्ये मांडलं, कॉलेजात बऱ्याच ठिकाणी त्याला विल्सनचा फॉर्म्युला म्हणतात पण विल्सनचा लेख १९३४ चा. हिशोब असा, की वर्षाची मागणी गुणिले सेटिंगचा खर्च गुणिले दोन, त्याला एक पीस वर्षभर ठेवायच्या खर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. आमच्या पिनला उत्तर येतं ३,७९५. यात धरलेलं असतं की लॉट एकदम हातात पडतो, जसं दुकानातून सामान आणलं. कारखान्यात तसं नसतं, माल हळूहळू तयार होतो आणि एकीकडे जातही असतो, म्हणून १९१८ मध्ये टाफ्ट यांनी त्यात दुरुस्ती केली, की ८०० बनतात तेव्हा २०० खपतातही, म्हणजे ढीग ६०० नेच वाढतो. त्याने उत्तर थोडं मोठं येतं, ४,३८२, आणि तिथे सेटिंग आणि साठवण मिळून वर्षाचा खर्च साधारण ६५,७०० रुपये.

इथे एक गोष्ट मला फार आवडते आणि ती कुणी नीट सांगत नाही. ४,३८२ ऐवजी ४,००० काढले तर खर्च ६६,०००, आणि ५,००० काढले तर ६६,३००. म्हणजे बरोबर आकड्याच्या आजूबाजूला जमीन सपाट आहे, पाच-सातशे पीस इकडेतिकडे झाले तर वर्षात चार-सहाशे रुपयांचा फरक, तेव्हा दशांशापर्यंत भांडत बसायची काही गरज नाही. पण लांब गेलात की चढ लागतो, १,००० वर दीड लाखाच्या वर जातो आणि ८,००० वर ७८,०००. आणि हे ७८,००० सुद्धा रिवर्क नाही असं धरून आहेत.

तर आता रिवर्क. आमच्या पिनचा बाहेरचा व्यास टर्न होतो. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो तसतशी साईझ प्लसला सरकते, म्हणजे पीस जाड राहतो, स्नॅप गेजची, म्हणजे व्यास तपासायच्या मापाची, गो बाजू त्याच्यावरून जात नाही. तो पीस परत लावून एक हलका कट घेतला की होतो, मटेरियल अजून अंगावर आहे. उलट साईझ मायनसला गेली तर संपलं, गेलेलं मटेरियल परत येत नाही, तो स्क्रॅप. (बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, हेच उलटं, लहान झालं तर वाचतं, मोठं झालं तर गेलं.) म्हणून पुष्कळ सेटर पहिला पीस काढताना व्यास मुद्दाम टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या मापाच्या हद्दीच्या, वरच्या बाजूला ठेवतात, चूक झालीच तर ती रिवर्कच्या बाजूला व्हावी, भंगाराच्या नाही. चकलीचंच बघा, मऊ राहिली तर परत कढईत सोडता येते, करपली तर फेकायचीच.

पण परत लावलेला पीस नव्या पिसासारखा पटापट होत नाही. नवीन पीस ७२ सेकंदात पडतो, रिवर्कचा प्रत्येक पीस हाताने लावायचा, डायल गेज लावून सरळ बसलाय का बघायचा, मग कट, त्यामुळे दिवसाला ८०० ऐवजी ४०० च होतात, आणि त्यातलेही काही तिरके लागून स्क्रॅप होतात. आमच्याकडे धरा शंभरातले पाच रिवर्कला येतात आणि त्या पाचातला एक शेवटी भंगारात जातो.

लोकांना वाटतं की रिवर्क आला म्हणजे लॉट एकदम बदलेल. मलाही तसंच वाटायचं, पण गणित करून बघितल्यावर वेगळंच दिसलं. रिवर्कचा खर्च पिसाला १२ रुपये धरा, वर्षाला ३,००० पीस रिवर्क म्हणजे ३६,००० रुपये. आता लॉट १,००० चा असो की ८,००० चा, शंभरात पाच हे प्रमाण तेच राहिलं तर वर्षाचे रिवर्क पीस ३,००० च, खर्च ३६,००० च. म्हणजे रिवर्कच्या पैशांचा लॉटच्या आकाराशी संबंधच नाही! लॉटशी संबंध येतो तो रिवर्कच्या वेळाचा, म्हणजे त्या पिसांमुळे बाकीचे किती वेळ अडकून पडतात त्याचा. हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धा विषय सुटतो.

आमची पद्धत अशी होती की सगळा लॉट बनवा, मग रिवर्क करा, मग सगळं एकत्र तपासून टेम्पो भरा. या विषयावर पेपर लिहिणारे लोकही पुष्कळदा हेच धरून चालतात. हायेक आणि सलामे यांनी २००१ मध्ये रिवर्कसकट लॉटचं गणित मांडलं, पुढे तैवानमध्ये चिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एका लॉटच्या अनेक डिलिव्हऱ्या आणल्या, की रिवर्क संपला, लॉट पास झाला की मग ठराविक अंतराने सारखे सारखे भाग पाठवायचे. आमच्या आकड्यांत ते बसवलं तर काय होतं? माल बनतानाच जायचा थांबला, म्हणजे टाफ्टची सवलत गेली, उत्तर परत ३,७९५ वर आलं. त्यात पाच टक्के रिवर्कचा वेळ घातला की ३,७४८. बास. आणि रिवर्क चौपट केला, २० टक्के, तरी ३,६१८.

म्हणजे रिवर्क पाचाचा वीस टक्के झाला तरी लॉट साधारण १३० पिसांनी हलतो, पण "सगळं संपल्याशिवाय काही पाठवायचं नाही" या एका नियमाने तो सहाशेनी हलला आणि वर्षाचा खर्च ६५,७०० वरून ७५,९०० झाला. खरा चोर रिवर्क नाही, रिवर्कसाठी थांबवलेला चांगला माल आहे.

आणि हे तर नुसत्या कामाच्या वेळाचं झालं. प्रत्यक्षात २०० पिसांचा रिवर्क अर्ध्या दिवसाचा असतो पण तो व्हायला चार दिवस लागतात, कारण मशीन रिकामं नाही, रिवर्कचं काम कुणाच्याच प्रॉडक्शनमध्ये दिसत नाही म्हणून कुणाला ते करायचं नसतं, आणि प्लॅनिंग बोर्डवर त्याला रकाना नसतो. या चार दिवसांची किंमत काढायची एक सोपी रीत सांगते. चार दिवसांत कस्टमर ८०० पिना वापरतो, तर माल चार दिवस उशिरा निघणार असेल तर तुमच्या साखळीत कायम सरासरी ८०० पिना जास्तीच्या अडकलेल्या राहणार, गुणिले २० रुपये, १६,००० वर्षाला. दुसऱ्या बाजूने करून बघा, ४,००० चा लॉट चार दिवस थांबला तर एका लॉटचे साधारण १,०६७ रुपये, असे १५ लॉट, परत तेच १६,०००. कुठूनही मोजा, एक दिवसाचं थांबणं म्हणजे वर्षाला ४,००० रुपये, एका पार्टमागे. आमच्याकडे असे पार्ट पुष्कळ आहेत.

आता त्या बुधवारकडे परत येते. ८,००० चा लॉट, बनायलाच दहा दिवस. ४०० चा रिवर्क, म्हणजे पूर्ण एक दिवस, आणि त्याआधी चार दिवस वाट बघणं. एकूण पंधरा दिवस गेटमधून काहीही बाहेर जाणार नाही, म्हणजे सुरुवात करताना कस्टमरकडे ३,००० पिना शिल्लक पाहिजेत. होत्या २,२००, अकरा दिवसांच्या. दहाव्या दिवशी मी गेटवर टेम्पोकडे बघत उभी होते, यात नवल काहीच नव्हतं, हे लॉट सुरू करताना पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं, फक्त कुणी वजाबाकी केली नव्हती.

इथपर्यंत आपण धरलं की शंभरात पाच हे प्रमाण कायम राहतं. पण ते तसं राहत नाही, आणि इथेच मोठा लॉट सगळ्यात जास्त दगा देतो. साईझ कुठल्या तरी पिसाला टॉलरन्सच्या बाहेर जाते, आणि तपासणी लॉटच्या शेवटी असेल तर तिथून पुढचे सगळे पीस वाईट. घाण्याची चव शेवटी बघितल्यासारखं आहे, मीठ कमी पडलेलं पहिल्या चकलीलाच कळलं असतं. समजा प्रत्येक पिसाला प्रोसेस बिघडायची शक्यता ५०,००० मध्ये एक आहे. फारच कमी वाटते ना? तरी ४,००० च्या लॉटमध्ये सरासरी १६० वाईट पीस येतात, आणि २,००० च्या लॉटमध्ये फक्त ४०. लॉट निम्मा, वाईट पीस पाव! कारण मोठ्या लॉटमध्ये बिघडायची संधीही जास्त आणि बिघडल्यावर पुढे शिल्लक राहिलेले पीसही जास्त, दोन्ही गुणले जातात. लॉटची संख्या दुप्पट झाली तरी वर्षाचे वाईट पीस निम्मेच राहतात. १९८६ मध्ये पोर्टियस यांनी, आणि त्याच वर्षी वेगळ्या रीतीने रोझेनब्लाट आणि ली यांनी हे दाखवलं. आमच्या आकड्यांत हे म्हणजे ठेवायचा खर्च २० ऐवजी ३४ रुपये ४० पैसे धरल्यासारखं होतं आणि लॉट ३,७९५ वरून २,८९३ वर येतो. इथे रिवर्कचे पैसे खरंच लॉटवर परिणाम करतात, कारण इथे प्रमाणच लॉटप्रमाणे वाढतंय.

पण यावर लॉट लहान करणं हा एकच उपाय नाही, आणि माझ्या मते तो पहिला तर नाहीच. दर ५० पिसांना एक पीस स्नॅप गेजमधून काढला तर बिघाड फार तर ५० पिसांत पकडला जातो, मग लॉट ४,००० चा असो की ८,००० चा. गेज मशीनशेजारी टांगलेलं पाहिजे, इन्स्पेक्शनच्या कपाटात नाही, आणि ऑपरेटरला मशीन थांबवायची मुभा पाहिजे, रागावणं नको. आमच्याकडे पोराने एकदा मशीन थांबवलं तर सुपरवायझर ओरडले होते, त्यानंतर महिनाभर कुणी थांबवलं नाही आणि रेड बिन भरत राहिलं.

अजून एक ओढाताण आहे जी फॉर्म्युल्यात दिसत नाही, मशीनच्या तासांची. एका मशीनवर आमचे असे तीन पार्ट चालतात. एकेका पार्टला मशीनचा पाव वेळ लागतो, तीन मिळून ७५ टक्के. पाच टक्के रिवर्कला प्रत्येकी अडीच टक्के वेळ, मिळून साडेसात. उरले साडेसतरा टक्के, त्यात सेटिंग बसवायची, वर्षाचे ८४० तास होतात म्हणजे तीन तासांच्या २८० सेटिंग, भरपूर. आता रिवर्क १५ टक्के झाला तर? रिवर्कच साडेबावीस टक्के खातो, सेटिंगला उरतात अडीच टक्के, १२० तास, ४० सेटिंग, एका पार्टच्या वाट्याला १३. मग लॉट ४,६०० च्या खाली आणताच येत नाही, कितीही वाटलं तरी. आणि २० टक्के झाला तर बेरीज १०५ वर जाते, मशीन पुरतच नाही. म्हणजे रिवर्क वाढला की एकीकडे गणित सांगतं लॉट लहान करा, आणि त्याच वेळी मशीन सांगतं लॉट मोठा करा, सेटिंगला वेळ नाही. ज्या शॉपमध्ये सगळे दिवसरात्र पळतायत आणि तरी प्रत्येक टेम्पो उशिरा निघतो तिथे बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं, आणि तिथे माणसं आळशी आहेत असं म्हणणं फार अन्यायाचं आहे.

टेम्पोचं पटकन सांगते. एका फेरीचे ९०० रुपये धरा. एका लॉटच्या ठराविकच फेऱ्या करायच्या, समजा चार, असं ठरवलं तर फेऱ्यांचा खर्च सेटिंगच्या खर्चात मिळवावा लागतो आणि लॉट मोठा येतो. पण कस्टमरने फेरीचा आकडाच ठरवून दिला असेल, दर वेळी १,००० पिना, तर वर्षाला ६० फेऱ्या आणि ५४,००० रुपये हे ठरलेलेच, लॉट कितीही काढा. तेव्हा टेम्पोचा खर्च लॉटच्या हिशोबातून बाहेर काढायचा आणि फक्त एवढं बघायचं की लॉट हजाराच्या पटीत पडतोय. पटीत म्हणजे शेवटी उरलेल्या चांगल्या पिसांच्या. शंभरात एक भंगारात जातो तर ४,००० चे बार लावून ३,९६० हातात येतात, शेवटचा टेम्पो ४० ने कमी जातो आणि त्या ४० साठी मोशीच्या ट्रॅफिकमधून परत एक फेरी. म्हणून सुरुवात ४,०५० ने करायची. साधी गोष्ट आहे पण आम्ही ती दोन वर्षं चुकत होतो.

मग आम्ही काय बदललं. सगळ्यात आधी मी आणि आमचे शेठ कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांकडे जाऊन बसलो आणि विचारलं की अख्ख्या लॉटचा एकच रिपोर्ट का पाहिजे. त्यांचं म्हणणं रास्त होतं, उद्या लाईनवर एक पिन खराब निघाली तर ती कुठल्या वेळची, कुठल्या इन्सर्टची, ते मागे जाऊन शोधता आलं पाहिजे. मग ठरलं की एका लॉटचे सब-लॉट करायचे, प्रत्येक शिफ्टचा वेगळा टॅग, प्रत्येकाचा वेगळा रिपोर्ट, आणि रिवर्क केलेले पीस कधीच मिसळायचे नाहीत, त्यांचा पिवळा टॅग आणि त्यांचं शंभर टक्के इन्स्पेक्शन. त्यांना हे आधीपेक्षा जास्त आवडलं, कारण आधी आम्ही रिवर्कचे पीस सगळ्यात मिसळूनच देत होतो. आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिले १,००० पीस गेटबाहेर पडतात, तेव्हा लॉट अजून मशीनवर निम्माही झालेला नसतो.

मग बोर्डवर रिवर्कला रकाना दिला. बुधवारच्या सेकंड शिफ्टचे शेवटचे चार तास, गुरुवारच्या सुट्टीच्या आधी, पिनचा लॉट चालू असतो तेव्हा मशीनवर पिनचीच सेटिंग असते म्हणून वेगळी सेटिंग लागत नाही. चार तासांत १०० पीस होतात. रिवर्कचे बाकीचे पीस लॉट उतरवायच्या आधी, सेटिंग खोलायच्या आधी, हा नियम आता मोडत नाही. रेड बिन रिकामं झाल्याशिवाय काका जॉ, म्हणजे पीस पकडायचे जबडे, खोलत नाहीत, मी सांगितलं तरी नाही.

आणि लॉट केला ४,०००. वर्षाचा हिशोब मांडला तर आधी ८,००० च्या लॉटला, सगळं संपेपर्यंत थांबून, सेटिंगचे १८,००० आणि साठवणीचे ८२,००० मिळून बरोबर एक लाख होत होते, वरती ते चार दिवस थांबण्याचे १६,००० वेगळे. आता साधारण ६६,०००. रिवर्कचे ३६,००० तसेच आहेत, त्यात लॉटने फरक पडणार नव्हताच. ते कमी करायचं काम वेगळं, पाचाचे दोन टक्के झाले तर २१,६०० वाचतात, आणि ते काम त्या टांगलेल्या गेजने सुरू झालंय.

सेटिंगचं मात्र अजून बाकी आहे, आणि खरी चावी तिथेच आहे. वर्गमूळामुळे सेटिंगचा खर्च पाव केला की लॉट निम्मा होतो आणि एकूण खर्चही निम्मा. शिंगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसची सेटिंग आधी चार तासांवरून दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली होती, त्यामागची युक्ती एवढीच, की मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम कुठलं आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येणारं कुठलं, हे वेगळं काढायचं. आम्ही एक सेटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाईलवर शूट केली. तीन तासांतले पन्नास मिनिटं काका इन्सर्ट, ड्रॉइंग आणि गेज शोधत शॉपभर फिरत होते, चाळीस मिनिटं सॉफ्ट जॉ नव्याने बोअर करण्यात गेली. व्हिडिओ बघून काका स्वतःच म्हणाले, "अहो, यात मी सेटिंग कमी आणि चालतोय जास्त."

आता पिनचे जॉ नंबर मारून वेगळे ठेवलेत, आधीच्या जॉबचे शेवटचे शंभर पीस चालू असताना ट्रॉलीवर इन्सर्ट, गेज, ड्रॉइंग सगळं येऊन थांबतं. गेल्या आठवड्यात एक तास चाळीस मिनिटांत पहिला पीस पास झाला. पाऊण तासावर आलो आणि सेटिंगचा खर्च ६०० च्या आसपास उतरला तर उत्तर येतं २,१९१, म्हणजे २,००० चा लॉट, दोन टेम्पो, आणि काकांनी त्यासाठी सॉफ्ट जॉचा दुसरा सेट कालच मागितलाय.